पायजम्यातली लवकी

"बोट नको दाखवू, बाबा! कवळं हाय थे. मूठ कर, मूठ!"

आईचा हा आवाज बाबाराव थूल यांनी फार लहानपणी ऐकला. कुडावर चढलेल्या वेलाला बोटाएवढी लवकी लागली होती. दुधी भोपळ्याला इकडे लवकीच म्हणतात. तिच्या अंगावरची लव सकाळच्या उन्हात चमचमत होती, आणि ते पाहून पोराचं बोट आपसूक पुढं झालं होतं. वांग्याच्या ओळीतून आई ओरडली. ओरडली म्हणजे, निजल्या लेकरापाशी बाया ओरडतात तशी, घशातल्या घशात. "बोट दाखवलं का फळ लाजते. लाजलं का झुरते. झुरलं का सडते. अन् दाखवलंच, तं थे बोट दातात धर अन् चाव. चांगलं डोळ्यात पानी येईस्तोवर."

पुढे बाबाराव शिकले, वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञानाचे शिक्षक झाले आणि तालुक्याच्या विज्ञान मंडळात दाखल झाले. गावोगावच्या शाळांत त्यांचा एक प्रयोग फार रंगायचा. परसातल्या वेलावरच्या दोन कोवळ्या काकड्या निवडायच्या. एकीला वर्गातल्या झाडून साऱ्या पोरांनी बोटं दाखवायची, दुसरीला नुसती मूठ. पुढच्या आठवड्यात येऊन पाहावं तर दोघी सारख्याच टवटवीत. पोरं टाळ्या पिटायची आणि बाबाराव म्हणायचे, "भीती डोक्यात असते, बोटात नसते." एवढ्या वर्षांत एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. प्रयोग चालू असताना सरांचे स्वतःचे हात कायम पाठीमागे बांधलेले असत.

निवृत्तीनंतर ते आणि अन्नपूर्णाबाई नाचणगावच्या कडेला, घराभोवतीच्या अर्ध्या एकरावर येऊन राहिले. वांगी, मिरच्या, सांभाराचे म्हणजे कोथिंबिरीचे वाफे, जांबाची म्हणजे पेरूची दोन झाडं आणि वेलांसाठी बांबूचा मांडव. बाबारावांचे रोज नवे उद्योग. त्यांनी पाण्याच्या बाटल्यांना भोकं पाडून ठिबक केलं, ते ठिबकायच्या ऐवजी नुसतंच रडायचं. गांडुळांसाठी हौद बांधला, तर गांडुळं पहिल्याच आठवड्यात उठून शेजाऱ्याच्या उकिरड्यात नांदायला गेली. अन्नपूर्णाबाई काही बोलत नसत. त्या आपल्या पहाटे उठून वेलांना पाणी घालत, आणि त्यांच्या हातचं सगळं उगवत असे.

त्या वेलांमधला एक वेल मात्र दोघांच्या काळजाचा होता. आईच्या बियाचा. ही लवकी बाजारातल्यासारखी सरळसोट नव्हे. मान बगळ्यासारखी वाकडी, पोट गोल, आणि गर असा गोड की आजारी माणसानंही ताट पुढं करावं. दर साली एक फळ वेलावर वाळू द्यायचं, आत बिया खुळखुळायला लागल्या की काढून ठेवायचं. यंदा उंदरांनी बियाचं मडकं फोडलं. उरल्यासुरल्या बियांतून एकच वेल वर आला आणि त्या वेलानं एकच फळ धरलं. हे फळ पिकलं तर बी. नाही तर आईची लवकी जगातून गेली. बाबाराव सकाळ-संध्याकाळ मांडवाखाली जाऊन उभे राहत आणि फळ जागेवर आहे हे पाहून श्वास सोडत.

आणि अशात एके सकाळी नंदिनीचा व्हिडिओ कॉल आला. ही त्यांची मुलगी, सावंगीच्या दवाखान्यात नर्स.

"बाबा, आजीची लवकी दाखवा न!"

बाबारावांनी फोन मांडवाकडे फिरवला.

"कुठं आहे? मले तं नुसते पानंच दिसून राह्यले."

"अगं, ही काय! ही बघ, इथं!"

फोनच्या काचेत आपलं स्वतःचं बोट त्यांना दिसलं. लांब, सरळ, ताठ, थेट लवकीच्या नाकासमोर. आयुष्यभर पाठीमागे बांधून ठेवलेला हात असा मोकळा सुटला होता. मांडवावरची पानं हलायची थांबली, निदान त्यांना तरी तसं वाटलं.

"बाबा? काय झालं? बोट तसंच काऊन राह्यलं तुमचं?"

"रेंज गेली," म्हणून त्यांनी फोन बंद केला. आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्या निवृत्त विज्ञान शिक्षकानं तर्जनी दातात धरली आणि कचकन चावली.

"काऊन जी थूल सर, बोट काऊन खाऊन राह्यले?"

तारेच्या कुंपणापलीकडे महादेवराव उभे होते. शेजारी, आणि सगळ्या नाचणगावात बातमी पोचवण्याच्या कामी एस.टी.पेक्षा वक्तशीर.

"मुंगी चावली," बाबाराव म्हणाले.

"मंग मुंगीले चावा न! बोटानं काय केलं तुमचं?"

त्या दिवशी बाबारावांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मांडवाखाली गेले आणि पाहतात तो काय, लवकीच्या टोकाशी एक पिवळट डाग. डागाच्या मध्यावर डिंकाचा इवलासा थेंब. त्यांच्यातला शिक्षक म्हणाला, हा फळमाशीचा डंख आहे, त्या माशीचं नावही तुला तोंडपाठ आहे. पण त्यांच्यातलं ते कुडापाशी उभं असलेलं पोर काही म्हणेना. ते नुसतं बोटाकडे बघत राहिलं.

एवढ्यात चपला वाजल्या. अन्नपूर्णाबाई येत होत्या.

माणूस घाबरला की हाताला येईल ते पांघरतो. बाबारावांनी काट्याकुट्यासाठी पायात मोजे घातले होते. त्यांनी एक मोजा ओढून काढला आणि लवकीला चढवला.

"अजी," बाई थबकल्या, "लवकीले मोजा?"

"फळमाशी फार झाली आहे. झाकलं की डंख मारत नाही. शास्त्रीय आहे हे."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं, उघड्या पायाकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग नुसतंच म्हणाल्या, "बरं."

संसारात बाबारावांनी बाईंचे पुष्कळ 'बरं' ऐकले होते. पण या 'बरं'ला तळ नव्हता. हिला कळलं, त्यांना वाटलं. हिनं पाहिलं. माझ्या आईचं बी इतकी वर्षं हिनं तळहातावर सांभाळलं आणि मी एका बोटानं घालवलं. दुसऱ्या दिवसापासून बाई वेलाकडे फिरकेनाशा झाल्या. पाणीसुद्धा लांबून, तोंड वळवून घालत. बाबारावांची खात्रीच पटली.

मोज्यात फळ गुदमरेल म्हणून त्यांनी जुन्या पायजम्याचा एक पाय कापून तो लवकीला घातला आणि वरून नाडी बांधली. आता आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. नाडी सोडून बघायचा धीर होत नव्हता, आणि न बघता झोप येत नव्हती.

महादेवराव कुंपणाशी आलेच. "हे काय नवीन काढलं जी सर? लवकीचं लगन हाय का काय? हेच का थे फळ?" आणि त्यांनी हात उचलला.

"बोट नको!"

बाबारावांचा आवाज इतका चिरका निघाला की जांबावरचे पोपट उडाले. महादेवरावांचं बोट हवेतच राहिलं.

"काऊन? तुमीच तं माह्या पोराच्या शाळेत सांगून गेलते, बोटानं काईच होत नाई म्हून."

आता इथं खरं सांगून मोकळं होता आलं असतं. पण 'मला भीती वाटते' हे वाक्य बाबारावांनी उभ्या हयातीत कधी उच्चारलं नव्हतं. ते घशात आडवं झालं. त्याच्या बाजूनं दुसरंच वाक्य बाहेर पडलं.

"म्हणजे तसं नाही. बोटाच्या टोकातून उष्णता निघते. फळमाशीला ती उष्णता कळते. बोट जिकडे, माशी तिकडे. मुठीत उष्णता कोंडून राहते, म्हणून मूठ चालते."

बोलून झाल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला. वर्गात कुणा पोरानं हे उत्तर लिहिलं असतं तर त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

महादेवराव मात्र हरखून गेले. "म्हंजे आमची बुढी खरंच सांगे! अन् आमी तिले अडाणी म्हनत होतो. वा सर, वा! तुमी तं डोळेच उघडले!"

डोळे उघडल्याची बातमी पुढल्या सकाळी फोनाफोनांत फिरत होती. 'बोट दाखवल्याने फळ सडते हे आता विज्ञानाने सिद्ध. संशोधक थूल सर, नाचणगाव. फळाला कपडा घाला, बोट टाळा. पुढे पाठवा.' खाली हात जोडलेले आणि एक हिरवी काकडी.

आणि खरोखरच गावातले वेल कपडे घालू लागले. काकड्यांना पोरांचे मोजे, कारल्यांना बनियनच्या चिंध्या, दोडक्यांना झंपराच्या बाह्या. पोरं शाळेत उघड्या पायांत बूट घालून जाऊ लागली. महादेवरावांनी रस्त्याकडेच्या कोहळ्याला माकडटोपी घातली, ती पाहून पुलगावहून येणारी एस.टी. हळू होई आणि खिडकीतले लोक त्या कोहळ्याला मुठी दाखवत. बाबारावांना गल्लीतून जाणं नको झालं. जो तो अदबीनं मूठ वर करी. सगळं गाव आपल्याला ठोसा दाखवतंय, असं त्यांना वाटे.

नंदिनीचा फोन आला. "बाबा, आमच्या वॉर्डात तुमचा मेसेज आला! एक आजीबाई मले मूठ दाखवून सलाईन कोणतं ते विचारून राह्यली. तुम्ही असं कसं सांगितलं?"

"रेंज गेली," बाबाराव म्हणाले.

तेवढ्यात एक बरी गोष्ट घडली. एका दुपारी अन्नपूर्णाबाईंनी चण्याची डाळ घालून लवकीची भाजी केली. कित्येक दिवसांनी बाबारावांना घास गोड लागला. ते भाकरीवर भाकरी मागून घेत म्हणाले, "बाजारातली आहे न? कमाल आहे. अगदी आईच्या हातची चव."

अन्नपूर्णाबाईंना असा ठसका लागला की पाणी देता देता बाबारावच घाबरले. डोळे पुसत बाई म्हणाल्या, "मिरची लागली." भाजीत मिरची नव्हती.

आणि मग ज्याची भीती होती तो फोन आला. विज्ञान मंडळाचे अध्यक्ष श्रीनिवास सर, वर्ध्याचे. बाबारावांनी ज्यांच्या खांद्याला खांदा लावून अर्धं आयुष्य काढलं ते.

"बाबारावजी, तुमच्या नावानं काहीतरी फिरतंय. मला ते खरं वाटत नाही. रविवारी येतो. फळ बघू, बोलू."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रविवारपर्यंत बाबाराव मांडवाखाली जात, नाडीला हात लावत आणि परत येत. आत काय असेल, ते त्यांना डोळे मिटले की दिसे. काळं, मऊ, अळ्यांनी वळवळणारं. आईचं शेवटचं फळ, त्यांच्या पायजम्यात.

रविवारी श्रीनिवास सर आले. त्यांच्या मागून महादेवराव आले, कारण ते येणारच होते. अन्नपूर्णाबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी सरांच्या हाती कपाशिवाय नुसती बशीच दिली. बाबारावांना वाटलं, ही माझ्यासाठी घाबरली आहे. त्यांना भरून आलं.

मंडळी मांडवाखाली उभी राहिली. पायजम्याचा पाय वाऱ्यानं हलत होता.

"हीच का ती?" श्रीनिवास सर म्हणाले.

"सर!" बाबाराव मध्ये आडवे आले. "उघडायच्या आधी ऐका. उष्णता वगैरे काही नाही. ते मी बनवून सांगितलं. त्या दिवशी नंदिनीला दाखवताना मी या फळाला बोट दाखवलं. मग मला भीती वाटली. मला लहानपणापासून वाटते, सर. मी पोरांकडून प्रयोग करवून घ्यायचो, पण माझं बोट मी एकदाही पुढं केलं नाही."

महादेवरावांच्या तोंडचा पानाचा तोबरा थांबला. बाबाराव मान खाली घालून शिक्षेची वाट पाहत राहिले. बराच वेळ शिक्षा येईना, तेव्हा त्यांनी मान वर केली. श्रीनिवास सरांनी मघाशी ज्या हातानं फळ दाखवलं होतं, तो हात अजून तसाच पुढं होता. मूठ वळलेला.

सरांनीही आपल्या मुठीकडे पाहिलं. मग ती हळूच खिशात घातली. "मांजर आडवं गेलं की मी पण बुटाची लेस बांधायला खाली बसतो, बाबारावजी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "घरात कुणाला माहीत नाही."

"मंग आता पाहून तं घ्या सडली का राह्यली थे!" महादेवरावांना दम निघेना. त्यांनी नाडी ओढली. पायजमा खाली पडला.

बाबारावांनी डोळे गच्च मिटले होते. कानावर आलं ते महादेवरावांचं "अरे बाप्पा!" त्यांनी एक डोळा उघडला.

लवकी हिरवीगार होती. तुकतुकीत, बिनडागाची, सरळसोट. आणि सुतळीनं वेलाला बांधलेली होती.

"हिची मान कुठं गेली?" बाबाराव पुटपुटले.

"मान?" महादेवराव जवळ जाऊन निरखत म्हणाले, "हे तं पुलगावच्या बजारातली दिसते जी. देठ पाहा न, वाळून काडी झाला."

सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत अन्नपूर्णाबाईंवर येऊन थांबल्या. बाईंनी पदर तोंडाशी धरला.

"म्या बांधली," त्या म्हणाल्या. "आत्याबाईच्या लवकीले डंख लागलता. तुमी बोट दाखवाच्या आधी. मले त्याच पहाटे पानी घालतानी दिसलता. वेळेवर झाकली नाई म्हून मलेच भेव वाटे. सांगीन सांगीन म्हनलं, तेवढ्यात तुमी मोजा घेऊन उभे! मंग रोज तुमी नाडीले हात लावत होते अन् थरथर कापत होते, मले पाहवे नाई. एक दिवस तुमी आंगोळीले गेलते तवा उघडून पाह्यली. अर्धी गेलती. बी धरायच्या आधीच गेलती."

"मग ती अर्धी?" बाबारावांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांना ठसका आठवला.

"मातीत टाकाची हिंमत नाई झाली. चांगली बाजू कापून घेतली अन् डाळ घालून... तुमी पोटभर खाल्ली. म्हनलं, लेकाच्या पोटात गेली, वाया तं नाई गेली."

श्रीनिवास सर वळून जांबाच्या झाडाकडे बघू लागले. बाबाराव मांडवाच्या बांबूला धरून खाली बसले. बोटानं काही केलं नव्हतं, हे त्यांना कळलं. इतक्या दिवसांची भीती एका क्षणात गेली आणि ती गेल्यावर जी जागा उरली, तिथं काहीच नव्हतं. वेल रिकामा होता. आईचं असं जे जे काही जगात हिरवं होतं, त्यातलं शेवटचं त्यांनी भाकरीशी खाल्लं होतं, आणि वरून चवीला वाखाणलं होतं.

"म्हणजे बी गेलं," ते म्हणाले. रागानं नाही, विचारल्यासारखं.

अन्नपूर्णाबाई पुढं आल्या. नवऱ्यासमोर मातीत बसल्या. हात जोडावेत की त्यांचा हात धरावा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, म्हणून दोन्ही हात तसेच मांडीवर राहिले.

"आत्याबाईनं मले शपथ घातलती," त्या म्हणाल्या. "बी घराच्या भाएर जाऊ देऊ नको म्हून. अन् तुमी तं त्या बियाले हात लावतानी डोळे पुसत होते. तुमाले कोन्या तोंडानं सांगू? पन कोनी दाराशी येऊन ओंजळ पुढं करे, तवा मले नाई म्हनता येत नव्हतं जी." त्यांनी एकदा महादेवरावांकडे पाहिलं, महादेवराव घाईघाईनं आपल्या चपलेचा अंगठा नीट करू लागले. "ह्यांच्या घरी देल्लं. माह्या बहिनीले देल्लं. देवळीले देल्लं, पुलगावले देल्लं. दर साली, तुमी घरी नसले का. आत्याबाईची लवकी आज कोठंकोठं चढून राह्यली, मलेबी ठाव नाई."